कॉम्प्युटरचा कूलर आणि खानदेशचा मे महिना



आपल्याकडे ‘कूलर’ म्हटलं की एकच वस्तू समजते. महावीर जयंतीच्या आसपास माळ्यावरून खाली उतरते, तिच्या ताट्यांत नवा वाळा भरला जातो आणि आखाजीपर्यंत तिचा आवाज घरात भिनून जातो. पण आज मी लिहिणार आहे ते दुसऱ्याच कूलरबद्दल. हा कॉम्प्युटरच्या पोटात बसतो, त्यात पाणी घालावं लागत नाही आणि त्याचं गिऱ्हाईक एकच असतं, प्रोसेसर. तुम्ही म्हणाल, लोणची-पापडांच्या दिवसांत हा विषय कुठून काढला? पण यंदा आमच्या घरातला एक मोठा निर्णय या छोट्या वस्तूवर अडला होता.

माझी धाकटी लेक घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करते. गिऱ्हाइकाला त्याचा दिवाणखाना बांधून होण्याआधीच चित्रात दाखवायचा असतो. प्रकाश कुठून येईल, फरशी कशी चमकेल, सगळं हुबेहूब. असं एक चित्र तयार व्हायला कॉम्प्युटर तास-दोन तास पूर्ण ताकदीने राबतो. तिला हे काम जळगावात राहून करायचं होतं. घरातल्या-बाहेरच्यांचं म्हणणं एकच होतं, “इथल्या उन्हात माणसं टिकत नाहीत, तिथे ते मशीन काय टिकणार? पुण्यालाच खोली घे.” लेकीला पुण्याला जायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ती जायला नको होती. पण नुसत्या ‘नको’ने गिऱ्हाइकाचं काम वेळेवर जात नाही. मे महिन्यात मशीन नीट चाललं पाहिजे, एवढाच प्रश्न होता.

माझं माहेर धुळ्याचं. तिथे माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडण्याचा त्याला भारी नाद. त्याने यादी काढली. प्रोसेसर ठरला रायझन ७ ५७००एक्स. आठ कोर, ६५ वॅटचा. याच्या खोक्यात कूलर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. “आत्या, कूलर कोणता घ्यायचा ते तूच ठरव, खर्च तुझाच आहे,” असं म्हणून तो हसला. मी ते मनावर घेतलं.

आधी समजून घेतलं की हा कूलर करतो तरी काय. नाव कूलर असलं तरी तो थंडावा तयार करत नाही. तो फक्त उष्णता उचलून दुसरीकडे नेऊन टाकतो. प्रोसेसरवर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा घट्ट बसतो. त्यातून तांब्याच्या नळ्या वर जातात, त्यांना हीटपाइप म्हणतात. नळ्यांवर पातळ पत्र्यांची चळत असते आणि तिच्यावर पंखा वारा सोडतो. नळीतली युक्ती मला फार आवडली. नळीत हवा जवळजवळ नसते, थोडंसं पाणी असतं. हवेचा दाब नसल्यामुळे ते कमी तापमानालाच उकळतं. खालच्या गरम टोकाला वाफ होते, वरच्या टोकाला पत्र्यांपाशी ती पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या बारीक सच्छिद्र अस्तरातून झिरपत खाली येते. डाळीच्या पातेल्यावरच्या झाकणाला वाफेचे थेंब धरतात आणि परत डाळीत पडतात, अगदी तसंच. अमेरिकेत लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये अशी नळी करून दाखवली. पुढे ती अवकाशयानांत गेली आणि आता आपल्या टेबलाखाली आली आहे.

यातून एक गोष्ट निघते, आणि खानदेशातल्या माणसाने ती आधी लक्षात ठेवायला हवी. पंख्याने वारा घालून प्रोसेसर कधीही खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. छताच्या पंख्याखाली आपल्याला गार वाटतं ते घाम वाळतो म्हणून. पंखा हवेचं तापमान कमी करत नाही. मशीनला घाम येत नाही. खोली ४० अंशांवर असेल तर प्रोसेसरची मोजणी ४० पासूनच सुरू होणार.

मग मी वहीत हिशेब मांडला. या प्रोसेसरची मर्यादा ९० अंश आहे. त्याच्यावर जायला लागला की तो स्वतःच आपला वेग कमी करतो. जळत नाही, पण रेंगाळतो. कूलरची परीक्षा घेणारे लोक २०-२२ अंशांच्या खोलीत बसलेले असतात. त्यांच्याकडे २२ पासून ९० पर्यंत ६८ अंशांचा वाव. आमची दुपारची खोली ४० धरली तर वाव उरतो ५०. म्हणजे त्यांच्याकडे जे काम ६८ मध्ये भागतं ते आम्हाला ५० मध्ये भागवायचं. म्हणून परीक्षेचे आकडे वाचताना ‘प्रोसेसर ६५ अंशांवर राहिला’ एवढंच वाचून चालत नाही. खोली किती अंशांवर होती ते शोधायचं आणि वजाबाकी करायची. खोली २२ आणि प्रोसेसर ६५, म्हणजे कूलरने ४३ अंशांचा फरक ठेवला. हा फरक आपल्या खोलीतही साधारण तेवढाच राहतो. आमच्या ४० मध्ये ४३ मिळवले की ८३. सगळी निवड या एका बेरजेवर होते.

नवं घेण्याआधी घरात आहे ते वापरून पाहायचं, ही आपली जुनी सवय. भाच्याकडे जुन्या कॉम्प्युटरसोबत आलेला एक बुटका कूलर पडून होता. एप्रिलच्या शेवटी मी आणि लेक धुळ्याला गेलो तेव्हा त्याने तोच बसवून दाखवला. दुपारी खोली ३७ अंशांवर होती. लेकीने एक जड चित्र तयार करायला लावलं. काही मिनिटांतच प्रोसेसर ९० ला टेकला आणि वेग उतरू लागला. शिवाय छोटा पंखा जिवाच्या आकांताने ओरडत होता. तो कूलर वाईट नव्हता, थंड हवेच्या गावात त्याने काम भागवलं असतं. आमच्या गावाला तो पुरणारा नव्हता, एवढंच.

आवाज हा आमच्या घरात लहान मुद्दा नाही. लेकीच्या खोलीला लागूनच सासूबाई सामायिकाला बसतात. त्या ४८ मिनिटांत शेजारच्या खोलीतून कोणीतरी पीठ दळत असल्यासारखा आवाज आला तर त्या काही बोलणार नाहीत, पण मला कळेल. यात एक साधा नियम आहे. मोठ्या पंख्याला तेवढीच हवा ढकलायला कमी फेऱ्या माराव्या लागतात, म्हणून तो शांत चालतो. लहान पंखा तेच काम करताना किंचाळतो. त्यामुळे १२० मिलिमीटरचा पंखा हवाच, हे माझं पक्कं झालं.

आता समोर तीन वाटा होत्या.

पहिली, द्रवावर चालणारा बंद कूलर. प्रोसेसरवर छोटा पंप, दोन रबरी नळ्या आणि कॅबिनेटच्या कडेला पंखे लावलेला रेडिएटर. भाच्याचा जीव यातच होता, दिसतोही देखणा. सासूबाईंनी विचारलं, “त्यात पाणी कोंडून ठेवलेलं असतं का गं?” मी सांगितलं, पाण्यात दुसरा द्रव मिसळून कारखान्यातच कायमचं बंद केलेलं असतं, आपल्या वाळ्याच्या कूलरसारखं साचवून बदलावं लागत नाही. त्या “बरं” म्हणाल्या. माझी अडचण वेगळी होती. दोनशे-अडीचशे वॅट खाणाऱ्या प्रोसेसरला हा प्रकार हवाच, पण आमचा ६५ वॅटचा. त्यासाठी पंप नावाचा आणखी एक फिरणारा भाग घरात आणायचा, तो कधीतरी थकणार, आणि थकला की सगळंच थांबणार. साध्या कूलरचा पंखा गेला तर दुसरा पंखा लावून काम चालतं. आणि द्रवाचा असला तरी तोही खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीच.

दुसरी वाट, हवेवर चालणारे पण महाकाय कूलर. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५ हा २०१४ पासून नावाजलेला. दुहेरी मनोरा, दोन पंखे, उंची १६५ मिलिमीटर, पंख्यांसकट वजन सव्वा किलोच्या वर. उत्तम वस्तू. पण आमच्या कॅबिनेटमध्ये जास्तीत जास्त १६० मिलिमीटर उंचीचा कूलर बसतो. झाकणच लागलं नसतं. किंमत मध्यम कूलरच्या कितीतरी पट, ते वेगळंच.

तिसरी वाट मधली. एक मनोरा, चार हीटपाइप, १२० मिलिमीटरचा एक पंखा. या गटातला डीपकूलचा एके४०० आम्ही घेतला. उंची १५५ मिलिमीटर, म्हणजे कॅबिनेटमध्ये बसून वर पाच मिलिमीटर उरतात. आमच्या सॉकेटची पट्टी खोक्यातच मिळाली. मेमरीच्या पट्ट्यांवर तो आडवा येत नाही, हेही आधी तपासून घेतलं. अडीच हजारांच्या आत काम झालं.

भाचा थोडा हिरमुसला. म्हणाला, “आत्या, मोठा घेतला असता तर आणखी पाच-सात अंश कमी झाले असते.” खरं होतं. पण मी त्याला विचारलं, “त्या पाच अंशांनी दीदीचं चित्र किती लवकर होईल?” तो विचार करून म्हणाला, “फारसा फरक नाही.” प्रोसेसर मर्यादेच्या आत आरामात राहिला की पुढचा थंडावा नुसता आकड्यात दिसतो, कामात दिसत नाही. परिग्रह-परिमाण आपण सोन्याचं, जमिनीचं, कपड्यांचं ठरवतो. यंत्रांच्या बाबतीत मात्र ‘सगळ्यात मोठं’ हेच ‘सगळ्यात चांगलं’ असं धरून चालतो. परिमाण म्हणजे हाल सोसणं नव्हे. गरज मोजायची, तेवढं नीट घ्यायचं आणि तिथे थांबायचं. तो बुटका कूलर गरजेपेक्षा कमी होता म्हणून बदलला, आणि महाकाय कूलर जास्त होता म्हणून सोडला. दोन्ही निर्णय त्याच वहीतल्या बेरजेने झाले.

बसवताना भाच्याकडून ऐकलेल्या काही गोष्टी तुमच्या घरच्या मुलांसाठी लिहून ठेवते. कूलरच्या तळाला प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवलेला असतो, तो आधी काढायचा. प्रोसेसर आणि तळ यांच्यामध्ये थर्मल पेस्ट लागते. दोन्ही धातू गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात बारीक फटी असतात, फटीत हवा राहते आणि हवा उष्णतेला अडवते. पेस्ट ती जागा भरते. तुरीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी एवढीच पुरे, लोण्यासारखी थापायची नाही. स्क्रू एकेक पुरा न आवळता आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे, म्हणजे दाब सारखा बसतो. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या पट्ट्या दिसतात त्या बाजूने वारा बाहेर पडतो. तो वारा कॅबिनेटच्या पुढून मागे जाईल असा पंखा लावायचा. आणि पुढे कधी असा कूलर काढायचा झाला तर कॉम्प्युटर थोडा वेळ चालवून, बंद करून, पेस्ट कोमट असताना हलकेच फिरवून काढायचा. थेट उपसला तर या जातीचा प्रोसेसर कधी कधी सॉकेटमधून कूलरबरोबरच वर येतो.

धुळ्याहून जळगावला आणताना कॅबिनेट गाडीत उभं ठेवलं नाही, मदरबोर्ड खाली आणि कूलर वर राहील असं आडवं झोपवलं. उभ्या कॅबिनेटमध्ये कूलर भिंतीवरच्या खुंटीसारखा लटकलेला असतो आणि प्रत्येक दणका बोर्डाला बसतो. पारोळा, एरंडोल, पाळधी करत बांभोरीचा गिरणेचा पूल ओलांडेपर्यंत लेक मागच्या सीटवर त्याला हात लावून बसली होती, बाळंतिणीला घरी आणावं तशी.

जळगावात आल्यावर खरी परीक्षा झाली. मे महिन्याची दुपार, खोलीत ३८ अंश. सासूबाईंचं सामायिक सुरू झालं तेव्हाच लेकीने काम लावलं, म्हणजे वेळही मोजायला सोपी आणि आवाजाचीही परीक्षा. ४८ मिनिटांनंतर प्रोसेसर ७८ वर होता. फरक ४० अंशांचा. वेग उतरला नव्हता. सासूबाई उठल्यावर त्यांना विचारलं, आवाज आला का? म्हणाल्या, “कसला?”

पण कूलर घेतला म्हणजे सगळं संपलं असं नाही. त्याने उष्णता प्रोसेसरवरून उचलली ती खोलीतच टाकली. अख्खा कॉम्प्युटर दोन-अडीचशे वॅट खात असेल, तर तेवढ्या वॅटची शेगडी बंद खोलीत तासन्‌तास पेटत ठेवल्यासारखंच आहे. म्हणून खोलीची हवा बाहेर जायला वाट हवी. आमचा वाळ्याचा कूलर कोरड्या उन्हात खोलीची हवा खरोखरच गार करतो, आणि खोलीचे सात-आठ अंश उतरले की प्रोसेसरचेही तेवढेच उतरतात. फक्त त्याचा ओला झोत थेट कॅबिनेटवर येऊ द्यायचा नाही. बोअरच्या पाण्यातले क्षार यंत्रावर बसतात. आम्ही कॅबिनेट झोताच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंच ठेवलं आहे.

दुसरा शत्रू धूळ. आपल्या भागात कापूस निघाला की हवेत तंतू उडतात, ते पत्र्यांच्या फटींत नमद्यासारखे बसतात. पंखा फिरत राहतो पण वारा आत जात नाही. म्हणून दर महिन्याला पुढची जाळी आणि तीन महिन्यांनी आतली सफाई, असं ठरवलं आहे. इथे मला आपलं पडिलेहण फार उपयोगी वाटतं. आधी प्लग काढायचा, झाकण उघडायचं आणि हात घालण्याआधी नीट पाहायचं. उबदार, अंधारी जागा आहे, कोळी किंवा मुंगी आत घर करून असू शकते. दिसली तर तिला अलगद बाहेर ठेवायचं. मग पूंजणीसारख्या मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढायची. ब्लोअर वापरला तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर ते भरमसाट फिरून खराब होतं. आपली यतना आणि मेकॅनिकची शिस्त इथे एकच आहे.

लेकीने वेळापत्रकही बदललं. जड कामं ती पहाटे लावते, तेव्हा खोली बरीच निवलेली असते. रात्री खिडकी उघडी ठेवून काम लावलं तर उजेडावर पाखरं येतात आणि पंख्यात सापडतात, म्हणून खिडकीला बारीक जाळी बसवली आणि काम चालू असताना पडदा बंद ठेवते. अगदी कडक दुपारी काम अडलंच तर प्रोसेसरला ६५ ऐवजी ४५ वॅटची मर्यादा घालून देते. सेटिंगमध्ये तशी सोय आहे. तासाभराच्या कामाला पाच-सात मिनिटं जास्त लागतात आणि तापमान बरंच खाली येतं. उन्हाळ्यापुरता घेतलेला नेमच म्हणा.

मे उलटला, मृग लागला. पावसाळी हवेत वाळ्याचा कूलर निकामी होतो, पण तोवर पारा उतरलेला असतो. या दोन महिन्यांत लेकीचं एकही काम उशिरा गेलं नाही. पुण्याच्या खोलीचा विषय घरात आता कोणी काढत नाही. उद्या तिला स्वतःहून जावंसं वाटलं तर ती जाईल, मी आनंदाने डबे भरून देईन. पण आपल्या गावच्या उन्हामुळे जावं लागलं, असं तिला कधी म्हणावं लागणार नाही.

तुमच्या घरात कोणी मुलगा-मुलगी असं यंत्र जोडत असेल तर त्यांच्या हातात आधी एक साधं तापमापक द्या आणि खोलीची दुपार मोजायला सांगा. दुकानात नंतर जा.